काम आधी पूर्ण माहीत नसेल, तर करार कशाचा करायचा?

रिसर्च प्रपोजल लिहिताना ‘उपकरणं’ आणि ‘बाहेरून करून घ्यायची कामं’ या दोन ओळी आपण सगळ्यात शेवटी भरतो. एखादं कोटेशन मागवायचं, आकडा टाकायचा, संपलं. मीही तेच केलं होतं आणि त्यात माझा अडसाली उसाचा एक अख्खा हंगाम गेला.

झालं असं. इंदापूर तालुक्यातल्या काळ्या जमिनीत ओलावा मोजायचे बारा सेन्सर, त्यांचा गेटवे, मोबाइलवर दिसणारं अ‍ॅप आणि दोन वर्षं डेटा साठवण, हे सगळं मी एकाच ऑर्डरमध्ये बसवलं. सगळ्यात कमी दराच्या पुरवठादाराला ऑर्डर गेली. माल वेळेवर आला, आम्ही तपासून सही केली, पैसे दिले. उन्हाळ्यात काळी माती तडकली, सेन्सरच्या दांड्याभोवती फट पडली आणि रीडिंग मातीचं यायचं सोडून हवेचं यायला लागलं. मला वेगळ्या पद्धतीचा सेन्सर आणि अ‍ॅपमध्ये बदल हवा होता. पुरवठादार म्हणाला, “ऑर्डरप्रमाणे सगळं दिलंय, सही तुमची आहे.” आणि तो बरोबर होता! बदलासाठी नवी मागणी, नवी कोटेशन्स, पुन्हा समिती. तोवर ऊस कारखान्याला गेला.

ज्या कामाचं नेमकं रूप काम करता करताच कळतं, ते काम टप्प्याटप्प्याने, मध्ये मध्ये दाखवून आणि बदलत पुढे न्यायच्या पद्धतीला सॉफ्टवेअरवाले ‘अजाईल’ म्हणतात. फेब्रुवारी २००१ मध्ये अमेरिकेतल्या युटा राज्यात, स्नोबर्ड इथे सतरा जणांनी मिळून तिचा जाहीरनामा लिहिला. कराराच्या घासाघिशीपेक्षा ग्राहकाबरोबर मिळून काम करण्याला जास्त किंमत द्यावी, असं त्यातलं एक सूत्र आहे. ऐकायला छान आहे. पण तुमच्या विद्यापीठाच्या लेखा विभागात जाऊन हे सांगून बघा. तिथे विचारतील, किती नग, किती रुपये, कधीपर्यंत? अजाईल प्रकल्पात यातल्या पहिल्याच प्रश्नाचं उत्तर नसतं.

आता आपल्या बारामती-इंदापूरकडच्या मुलांनी यासाठी लांब जायची गरज नाही. माळेगाव, सोमेश्वर, भवानीनगरचा छत्रपती, बिजवडीचा कर्मयोगी, शहाजीनगरचा नीरा-भीमा, यातला कुठलाही कारखाना घ्या. किती ऊस येईल, कधी येईल, कुठला फड आधी तुटेल, हे कारखान्याला हंगामाआधी नक्की माहीत नसतं. लागवडीच्या नोंदींवरून अंदाज असतो, पण पाऊस, तुरा, हुमणी, शेजारच्या कारखान्याने पळवलेला ऊस हे सगळं नंतर ठरतं. तरीही तोडणी-वाहतुकीचे करार हंगामाच्या कितीतरी आधी होतात. कशाच्या जोरावर?

करारात किती टन तुटेल याची खात्री नसते. टनाचा दर आणि मोजायची पद्धत मात्र पक्की असते. तोडणीचा दर राज्य पातळीवर साखर संघ आणि मजूर संघटना यांच्यात ठरतो. जानेवारी २०२४ मध्ये त्यात ३४ टक्के वाढ ठरली, टनाला २७३ रुपयांवरून तो ३६६ च्या आसपास गेला. मोजायला वजनकाटा. रोज काय तोडायचं हे शेतकी विभागाच्या तोडणी प्रोग्रामवरून ठरतं, फडात चिटबॉय स्लिप देतो, आणि बिल पंधरवड्याला निघतं. आठवडा-दोन आठवड्यांच्या ‘स्प्रिंट’चं अप्रूप वाटत असेल तर हे पंधरवडा बिल आठवा. ‘काम पूर्ण झालं’ म्हणजे काय, हेही ठरलेलं असतं. वाढं-पाचट काढून मोळी बांधलेला ऊस म्हणजे तोडलेला ऊस. यंत्राने तोडलेल्या उसात पालापाचोळा जास्त येतो म्हणून वजनात ठरावीक टक्के वजावट होते. त्या टक्क्यावरून दरवर्षी भांडणं होतात, पण भांडायला एक आकडा तरी असतो.

अजाईल प्रकल्पाच्या खरेदीचा गाभा एवढाच आहे. काय मिळणार याची लांबलचक यादी गोठवायची नाही. दर, मोजमाप, तपासणी, बिलाचा काळ आणि थांबायची सोय गोठवायची.

पण सॉफ्टवेअरला वजनकाटा नाही, ही मोठी अडचण आहे. तासांवर पैसे दिले तर तास वाढतात. ‘पॉइंट’ मोजून दिले तर पॉइंट फुगतात, कारण ते मोजणारा पुरवठादारच असतो. काटा ज्याच्या ताब्यात त्याच्यावर शेतकऱ्याचा किती विश्वास असतो, हे मी सांगायला नको. म्हणून अशा करारात पैसे चालून दाखवलेल्या गोष्टीवर द्यायचे आणि चाचणी आपण लिहायची. माझ्या बाबतीत ती चाचणी अगदी साधी होती. मातीचा नमुना ओव्हनमध्ये १०५ अंशांवर चोवीस तास वाळवायचा, वजनातला फरक काढायचा आणि सेन्सरचा आकडा त्याच्याशी ताडून बघायचा. ती पहिल्या ऑर्डरमध्ये मी लिहिलीच नव्हती.

आता ऊसतोडीच्या कराराचं कौतुक इथेच थांबवतो, कारण त्याची दुसरी बाजू संशोधकाने बघितलीच पाहिजे. दोन हंगाम शेजारी ठेवा. २०२१-२२ मध्ये महाराष्ट्रात विक्रमी ऊस होता. साखर १३७ लाख टनांपर्यंत गेली आणि गाळप जूनपर्यंत ओढलं. ऊन वाढलं, टोळ्या गावाकडं परतायला लागल्या, ऊस फडात वाळत उभा. २०२४-२५ मध्ये उलट. हंगाम सुरू व्हायलाच नोव्हेंबरचा मध्य आला, ऊस कमी, साखर ८० लाख टनांच्या आसपास आणि मार्च संपेपर्यंत बहुतेक कारखाने बंद. साचा तोच, हंगाम दोन टोकांचे. मग फरकाचा भार कोणावर पडला?

पहिल्या प्रकारच्या वर्षी तो शेतकऱ्यावर पडतो. ऊस लवकर जावा म्हणून टोळीला ‘खुशाली’ आणि गाडीच्या ड्रायव्हरला ‘एंट्री’ द्यावी लागते. हे पैसे कुठल्याच करारात नाहीत. तोडणी-वाहतुकीचा खर्च उसाच्या दरातून आधीच कापलेला असतो, वर हे वेगळे. साखर आयुक्तालयाने याविरुद्ध परिपत्रकं काढलेली आहेत, पण पुन्हा पाऊस झाला, रस्ता खचला की फडात सौदा होतोच.

दुसऱ्या प्रकारच्या वर्षी भार मजुरावर पडतो. कारखाना वाहतूकदाराला अ‍ॅडव्हान्स देतो, वाहतूकदार मुकादमाला, मुकादम बीड, जालना, अहिल्यानगरकडच्या नवरा-बायकोच्या जोडीला, म्हणजे एका कोयत्याला, उचल देतो. ती टनावारी फिटते. हंगाम आखडला, टन कमी पडले की उचल फिटत नाही आणि पुढच्या वर्षावर जाते. टोळी न येता मुकादम पैसे घेऊन गायब झाला तर वाहतूकदार बुडतो, पोलीस ठाण्यात फेऱ्या मारतो. म्हणजे किती काम मिळेल ही अनिश्चितता कारखान्याच्या पातळीवर तयार होते आणि साखळीतून खाली घसरत ज्याच्याकडं सगळ्यात कमी बळ आहे त्याच्यापाशी थांबते. लवचीक करार म्हटलं की कुणाच्या जिवावर लवचीक, हे आधी विचारा. सॉफ्टवेअरमध्येही मोठी कंपनी स्प्रिंट बदलते आणि तिच्या खालच्या उपकंत्राटदाराची पोरं रात्री जागतात, यात नवीन काही नाही.

अर्थशास्त्रात याला अपूर्ण करारांचा सिद्धांत म्हणतात. ऑलिव्हर हार्ट आणि बेंग्ट होल्मस्ट्रॉम यांना करारांच्या सिद्धांतासाठी २०१६ चं नोबेल मिळालं. त्यातला हार्ट यांचा भाग आपल्या कामाचा आहे, सॅनफर्ड ग्रॉसमन यांच्याबरोबरचा १९८६ चा पेपर तिथून सुरू होतो. मी विज्ञानाचा विद्यार्थी, त्यातलं गणित मला अर्धंच पचलं. पण कल्पना सोपी आहे. भविष्यातली प्रत्येक शक्यता करारात लिहिता येत नाही. मग जिथे करार गप्प आहे तिथे निर्णय कोणाचा? ज्याच्याकडं मालमत्तेचा ताबा, त्याचा. फडात पाणी साचलं की पुढचा प्रोग्राम शेतकी विभाग ठरवतो, कारण गाळप परवाना आणि गव्हाण कारखान्याची आहे. माझ्या प्रकल्पात डेटा पुरवठादाराच्या सर्व्हरवर होता, पासवर्ड त्याच्याकडं, सेन्सरचं कॅलिब्रेशनचं सूत्रही त्याच्याकडं. कागदावर मी मालक, निर्णय त्याचा. म्हणून पहिल्या दिवसापासून डेटा, कोड आणि खाती संस्थेच्या नावावर असली पाहिजेत. ‘प्रकल्प संपल्यावर हस्तांतर करू’ असं वाक्य दिसलं की तिथेच पेन थांबवा.

सरकारी नियमांत हे बसतं का? केंद्राच्या निधीवर चालणाऱ्या संस्थांना सर्वसाधारण वित्तीय नियम २०१७ लागू होतात. त्यातले दोन नियम मुद्दाम वाचा. नियम १५७ म्हणतो की वरच्या मंजुरीची गरज टाळण्यासाठी मागणीचे तुकडे करायचे नाहीत. बरेच जण अजाईलच्या नावाखाली नेमकं हेच करतात, मर्यादेच्या जरा खाली राहतील अशा चार छोट्या ऑर्डरी काढतात आणि ऑडिटमध्ये अडकतात. टप्पे करणं वेगळं आणि तुकडे करणं वेगळं. संपूर्ण अंदाजित रकमेची मंजुरी एकदाच घ्यायची, स्पर्धा एकदाच करायची, त्यातून दरकरार करायचा आणि त्याखाली टप्प्यागणिक कामाचे आदेश काढायचे. पुढचा टप्पा द्यायलाच हवा असं बंधन आपल्यावर नको, हे निविदेतच लिहायचं. दुसरा नियम १७२, आगाऊ रकमेचा. खासगी कंपनीला साधारण ३० टक्क्यांपर्यंतच, तीही सहसा बँक गॅरंटी घेऊन. उचलीच्या शेजारी हा नियम ठेवून बघा. इथे आगाऊ पैशाला बँकेची हमी लागते, तिथे माणसाचा पुढचा हंगामच हमी असतो.

जून २०२५ मध्ये केंद्राने वैज्ञानिक संस्थांसाठी थेट खरेदीची मर्यादा १ लाखावरून २ लाख केली. त्यामुळे आधी एक-दोन नग घेऊन बघणं सोपं झालंय. पण तुमची संस्था या सवलतीत येते का, हे खरेदी विभागाला लेखी विचारा. चहाच्या टपरीवर मिळालेल्या उत्तरावर जाऊ नका. (मी गेलो होतो.)

यावरच संशोधन करायचा विचार असेल तर एक सांगतो. डोनाल्ड अ‍ॅटवुड यांचं ‘रेझिंग केन’ हे १९९२ चं पुस्तक माळेगावच्या परिसरावरच आहे, ते वाचा. मग करारांच्या छापील नमुन्यांवर समाधान मानू नका. खुशाली कुठल्याच रजिस्टरमध्ये सापडत नाही. ती फडात बसून, टोळीशी आणि शेतकऱ्याशी वेगवेगळं बोलूनच कळते. आयटी कंपनीतही बदलाच्या विनंत्यांचं रजिस्टर असतं, पण ‘एवढं जाता जाता करून द्या’ म्हणून झालेलं काम त्यात नसतं.

माझ्या दुसऱ्या ऑर्डरचं सांगून टाकतो. या वेळी एकाच मंजुरीखाली तीन टप्पे केले. पहिल्यात दोन प्रकारचे दोनच सेन्सर, एक काळ्या जमिनीत आणि एक नदीकाठच्या पोयट्यात, पंचेचाळीस दिवस. ओव्हनच्या आकड्याशी ठरलेल्या फरकात जुळलं तरच बिल. अर्धा टप्पा झाल्यावर मोबदला देऊन थांबवायची मुभा दोघांनाही, कारण सगळी जोखीम पुरवठादारावर ढकलली असती तर चांगला माणूस निविदेला आलाच नसता, किंवा त्याने ती जोखीम दरात लावली असती. एक प्रकार काळ्या जमिनीत नापास झाला. पहिल्या वेळी अशा नापासाची किंमत एक हंगाम होती, या वेळी एका सेन्सरची. दुसऱ्या टप्प्यात उरलेले नग बसले, आता अ‍ॅप दर पंधरा दिवसांनी बघतो आणि बदल सांगतो. तिसऱ्या टप्प्याचं बिल मात्र अजून लेखा विभागात आहे. ‘टप्पा पूर्ण’ या शब्दांपुढे त्यांना माझी आणि गाइडची, दोघांचीही सही हवी आहे, आणि सर पुढच्या मंगळवारपर्यंत रजेवर आहेत.