हजारेंचा मध्यम वेग आणि शिवणीची करामत

१९४७-४८च्या ऑस्ट्रेलिया दौऱ्यात सांगलीत जन्मलेल्या विजय हजारेंनी डॉन ब्रॅडमनचा दोनदा त्रिफळा उडवला. सिडनीत १३ धावांवर, ॲडलेडला २०१वर. ॲडलेड कसोटीतली हजारेंची दोन शतकं क्रिकेटवेड्यांना तोंडपाठ असतात, गोलंदाजीचं नाव मात्र क्वचितच निघतं. ती होती मध्यमगती, आणि चेंडू हवेत वळायला तोच वेग सर्वांत पोषक असतो.

चेंडूच्या अंगाला हवेचा एक पातळ थर चिकटून वाहत असतो. शिवण किंचित तिरकी धरून चेंडू टाकला, की गुळगुळीत बाजूचा थर सुरळीत वाहतो आणि लवकर सुटतो. दुसऱ्या बाजूचा थर टाक्यांना अडखळून खवळतो. खवळलेला थर चेंडूला जास्त वेळ बिलगून राहतो. त्यामुळे मागची हवा एका अंगाला ढकलली जाते आणि चेंडू शिवणीचा रोख असतो तिकडे सरकतो. ताशी ११० किलोमीटरच्या आसपास हा परिणाम भरात असतो. वेग फार वाढला की गुळगुळीत बाजूचा थरही आपणहून खवळतो, वळण मावळतं आणि पुढे उलटतं. हाच रिव्हर्स स्विंग. चेंडू जुना, खरबरीत असेल तर तो कमी वेगातही साधतो.

फुटबॉलला अशी शिवण नसते. तिथे काम करते फिरकी. पायाच्या बाहेरच्या अंगाने लाथ बसली की चेंडू स्वतःभोवती फिरत, हवेला एका बाजूला लोटत जातो आणि स्वतः विरुद्ध बाजूला वळतो. जर्मन भौतिकशास्त्रज्ञ हाइनरिश मॅग्नस यांनी १८५२मध्ये अभ्यासलेला हा परिणाम १९९७ साली ब्राझीलच्या रॉबेर्तो कार्लोसच्या फ्रान्सविरुद्धच्या फ्री किकमध्ये जगाने पाहिला.

दोन्ही खेळांत चेंडू वळवणारं बळ हवेच्या घनतेवर अवलंबून असतं. सातारा जिल्ह्यातलं पाचगणी समुद्रसपाटीपासून सुमारे १,३०० मीटर उंच. तिथली हवा किनाऱ्यापेक्षा साधारण १२ टक्के विरळ. तितकंच वळणही कमी. ‘दमट हवेत चेंडू जास्त वळतो’ या लाडक्या समजुतीला मात्र भौतिकशास्त्राचा आधार नाही: पाण्याची वाफ कोरड्या हवेपेक्षा हलकी असते, म्हणून दमट हवा उलट किंचित विरळच.

क्रिकेटमधली खरी मेख बोटांत आहे. तर्जनी आणि मधलं बोट शिवणीच्या दोन्ही अंगांना, अंगठा खाली. चेंडू सोडताना बोटं मागे ओढली जातात आणि त्याला सेकंदाला दहा-अकरा उलट्या गिरक्या मिळतात. त्या गिरक्यांनी शिवण डुगडुगत नाही. सांगली-साताऱ्याच्या मैदानांवर पोरांना शिकवणाऱ्यांनी वेगाच्या आधी ही शिवण सांभाळायला शिकवावी.