खळ्यातली भाषा

रेडीत आमच्या शेजारच्या खळ्यात संध्याकाळी पोरं जमतात. एकदा चार वर्षांची चिमुरडी म्हणाली, ‘माका पाणी होया.’ आई रागावली, ‘मला पाणी हवं, असं म्हण!’ पोर गप्प झाली. पाणीही प्यायली नाही.

मंडळी, मूल आधी माणसांची भाषा शिकतं, मग पुस्तकाची. ‘झील’ म्हणजे मुलगा, ‘चेडू’ म्हणजे मुलगी, हे शाळेत गेल्यावर ते सहज जुळवून घेतं. त्यासाठी घरचा शब्द पुसायला नको. २०२०च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणातही शक्य तिथं किमान पाचवीपर्यंत घरच्या किंवा स्थानिक भाषेतून शिकवावं, असं म्हटलं आहे.

आमच्याकडे ईद, शेजारी चतुर्थी; पोरांची मालवणी मात्र एकच. तेव्हा आधी पाणी द्या, व्याकरण मागाहून!