श्रीरामपूरचा झहीर आणि तुमच्या घरातली मुलगी

भगिनींनो, खेळाडू निवृत्त झाला की लोक त्याला विसरतात, असं पूर्वी म्हणत. मोबाईलनं ते खोटं पाडलं. आर्जेंटिनाचा मॅराडोना १९९७ मध्ये निवृत्त झाला, २०२० मध्ये वारलाही. तरी त्याचे गोल आजही जगभर पाहिले जातात. तिसगावात तुमच्या ओट्यावर बसलेला मुलगाही ते पाहत असेल!

पण इतक्या दूर कशाला जायचं? आपल्याच नगर, म्हणजे आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यातला झहीर खान घ्या. १९७८ साली श्रीरामपूरला जन्मलेला हा मुलगा क्रिकेटसाठी मुंबईला गेला. पुढे त्यानं ९२ कसोटींत ३११ बळी घेतले. २०११ चा विश्वचषक आपण जिंकला, त्यात त्याचे २१ बळी होते. २०१५ मध्ये तो निवृत्त झाला.

आणि डिसेंबर २०२४ मध्ये काय झालं, आठवतं ना? राजस्थानातल्या एका खेड्यातली शाळकरी मुलगी गोलंदाजी करत होती. तिची छोटीशी चित्रफीत सचिन तेंडुलकरनं सगळ्यांना दाखवली आणि तिच्या शैलीत झहीरची छटा दिसते, असं म्हटलं. झहीरनंही त्याला दुजोरा दिला. निवृत्तीला नऊ वर्षं उलटली होती, तरी त्याचं नाव पुन्हा घरोघरी पोचलं!

आपणही ती चित्रफीत कौतुकानं पाहिली असेल, शेजारणीला पाठवलीही असेल. पण मैत्रिणींनो, खरं सांगा, आपली स्वतःची मुलगी सातवी-आठवीत गेली की आपण काय म्हणतो? "आता पुरे झालं खेळणं, जरा घरात लक्ष घाल." दुसऱ्याची मुलगी मोबाईलवर गोड दिसते, आपली मात्र भांडी घासायला हवी असते!

सांगलीत वाढलेली स्मृती मानधना भावाला खेळताना पाहून क्रिकेटकडे वळली. घरच्यांनी तिला अडवलं नाही. २ नोव्हेंबर २०२५ रोजी नवी मुंबईत आपल्या मुलींनी विश्वचषक जिंकला, त्या संघात ती होती.

प्रत्येक मुलगी स्मृती होईल असं नाही, आणि व्हायलाच हवं असंही नाही. पण संध्याकाळचा एक तास तिचा असू द्या. त्या वेळी केर काढायला, पाणी भरायला भावाला हाक मारा. त्याचे हात काही झिजणार नाहीत! शाळेत खेळाचा तास होतो की नाही, हे पालकसभेत नक्की विचारा. चारजणी मिळून विचारलंत, तर उत्तर द्यावंच लागेल. "लोक काय म्हणतील?" असं सासूबाई म्हणाल्या, तर त्यांना तीच चित्रफीत दाखवा. त्याही कौतुकानंच पाहतील. मग हळूच म्हणा, "आपली पण अशीच धावते हो, आई!"