भीमगीतांच्या रेकॉर्डी जरूर वाजवा, पण आधी सुई पाहा

नवी मुंबईतील आपली अनेक घरे खाडी ओलांडून इकडे आलेली आहेत. कोणी वरळी-नायगावच्या बीडीडी चाळीतून, कोणी चेंबूर-घाटकोपरच्या वस्तीतून. १९७० साली सिडको स्थापन झाली आणि पुढच्या वीस-पंचवीस वर्षांत वाशी, तुर्भे, नेरूळ, कोपरखैरणे, ऐरोली येथे कष्टकऱ्यांनी पोटाला चिमटा घेऊन खोल्या घेतल्या. सामानाबरोबर बाबासाहेबांचा फोटो आला, बुद्धमूर्ती आली आणि एखादी लोखंडी ट्रंकही आली. अशा ट्रंकेच्या तळाशी वडिलांनी किंवा आजोबांनी घेतलेल्या दहा-पाच रेकॉर्डी आजही काही घरांत पडून आहेत. प्लेअर केव्हाच मोडला, भंगारात गेला. रेकॉर्डी मात्र टाकवल्या नाहीत.

आता काळ पुन्हा फिरला आहे. रेकॉर्डी ऐकण्याची आवड तरुणांत परत आली आहे. २०२४ साली तर आपल्या नवी मुंबईतच रेकॉर्डी छापण्याचा कारखाना सुरू झाला. साहजिकच घरातली शिकलेली मुले म्हणतात, "बाबा, आपल्याकडे रेकॉर्डी आहेत, तर एक प्लेअर घेऊ या." घ्यावा की नाही, कोणता घ्यावा आणि पैसे कुठे घालावेत, याविषयी वाचक बंधू-भगिनींशी चार गोष्टी बोलाव्यात म्हणून हा लेख.

आमचे म्हणणे थोडक्यात असे की, प्लेअर जरूर घ्या, पण तो रेकॉर्ड राखणारा घ्या. दिसायला देखणा आणि रेकॉर्ड खाणारा प्लेअर घरात आणण्यापेक्षा रेकॉर्डी ट्रंकेत राहिलेल्या बऱ्या.

ठेवा कशाचा आहे?

रेकॉर्डीशी आपले नाते जुने आहे. ५ डिसेंबर १९५६ च्या रात्री दिल्लीच्या २६, अलीपूर रोड येथील निवासस्थानी बाबासाहेब मंद स्वरात त्रिसरण म्हणत होते आणि त्यांनी नानकचंद रत्तू यांना तीच रेकॉर्ड रेडिओग्रामवर लावायला सांगितली, अशी नोंद चरित्रात आहे. रेडिओग्राम म्हणजे एकाच लाकडी पेटीत बसवलेला रेडिओ आणि रेकॉर्डप्लेअर. त्या रात्रीनंतर बाबासाहेब आपल्यात राहिले नाहीत.

पुढे आपल्या गायकांचे आवाज तबकड्यांवर आले. प्रल्हाद शिंदे २००४ साली गेले. विठ्ठल उमप २०१० साली नागपूरला दीक्षाभूमीवरच्या कार्यक्रमात मंचावरच कोसळले. १९८० नंतर कॅसेटचा जमाना आला. काही गाणी कॅसेटवर आली, तिथून सीडीवर आणि आज मोबाईलवर. पण सगळीच आली असे नाही. जे गाणे पुढे कोणी उतरवून घेतले नाही, ते त्या तबकडीतच राहिले. तुमच्या ट्रंकेतली प्रत ही त्याच्या शेवटच्या काही प्रतींपैकी एक असू शकते, हे ध्यानात ठेवूनच पुढचा विचार केला पाहिजे.

रेकॉर्ड झिजते कशी?

तबकडीवर एक बारीक खाच गोल गोल फिरत आत जाते. गायकाचा आवाज त्या खाचेच्या भिंतींवर कोरलेला असतो. सुई खाचेतून जाताना थरथरते, त्या थरथरीची वीज होते आणि विजेचा आवाज होतो. म्हणजे आवाज मिळतो तो सुई आणि खाच एकमेकांना घासूनच. सुई गुळगुळीत आणि वजन हलके असेल तर रेकॉर्ड वर्षानुवर्षे टिकते. सुई झिजून धारदार झाली, किंवा वजन जास्त पडले, तर ती खाच खरवडते. मग 'स', 'श' फाटल्यासारखे ऐकू येतात. तो बिघाड कायमचा असतो. नंतर लाखाचा प्लेअर आणला तरी गेलेला आवाज परत येत नाही.

आपल्या घरांत रेकॉर्डी तीन तऱ्हेच्या सापडतात. पहिली ७८ वेगाची. ही लाखेची, जड आणि ठिसूळ, हातातून पडली की काचेसारखी फुटते. एका बाजूला जेमतेम तीन मिनिटांचे गाणे. दुसरी सात इंची, ४५ वेगाची. तिसरी बारा इंची लाँगप्ले, मिनिटाला ३३⅓ फेऱ्यांची. तिच्या एका बाजूला वीस मिनिटांहून अधिक गाणी बसतात. लाँगप्ले अमेरिकेत १९४८ साली निघाली. या दुसऱ्या-तिसऱ्या जातीची खाच फारच बारीक असते. ७८ ची सुई तिच्या तिपटीने जाड लागते. म्हणून ७८ ची सुई लाँगप्लेवर कधीही ठेवू नये आणि लाँगप्लेची सुई ७८ वर ठेवू नये. चावीच्या, कर्ण्याच्या ग्रामोफोनवर तर ४५ किंवा लाँगप्ले लावूच नये. त्याची पोलादी सुई आणि जड डोके एका फेरीत रेकॉर्डीचे वाटोळे करतात.

माळ्यावरचा जुना प्लेअर

घरात जुना एचएमव्ही फिएस्टा किंवा तसला एखादा पेटीवजा प्लेअर असेल तर तो फेकू नका, पण तसाच चालूही करू नका. त्या काळच्या बऱ्याच प्लेअरमध्ये सुईच्या डोक्यात, म्हणजे कार्ट्रिजमध्ये, क्षाराचा स्फटिक असे. तो दमट हवेत विरघळून निकामी होतो आणि आपल्या खाडीकाठच्या हवेत दुसरे काय होणार! शिवाय या प्लेअरचे डोके रेकॉर्डीवर पाच-सहा ग्रॅम वजन टाकते. रबरी चाक कडक झालेले असते, पट्टा सैल पडलेला असतो. आठवण म्हणून जतन करायला तो उत्तम. जपायच्या रेकॉर्डीसाठी मात्र दुसरा प्लेअर पाहावा.

नवा घेताना

बाजारात सूटकेससारखे, लाल-निळ्या झाकणाचे, आतच स्पीकर असलेले प्लेअर काही हजारांत मिळतात. मुलांना ते आवडतात. पण त्यांतल्या बहुतेकांत तेच जड सिरॅमिक डोके असते, मागे वजन कमी-जास्त करण्याची सोय नसते आणि त्याच पेटीतला स्पीकर सुईला हादरे देत राहतो. ज्या रेकॉर्डी आज दुकानात पुन्हा मिळतात त्या त्यावर वाजवायच्या तर वाजवा. बापजाद्यांच्या रेकॉर्डी त्यावर लावू नका.

प्लेअर घेताना दुकानदाराला चार प्रश्न विचारावेत. कार्ट्रिज चुंबकाची, म्हणजे मॅग्नेटिक, आहे काय? तिचे वजन साधारण दोन-तीन ग्रॅमच्या आत राहते काय? सुई वेगळी काढून नवी बसवता येते काय, आणि ती सुई इथे मिळते काय? आत 'फोनो प्रीअॅम्प' आहे काय? चुंबकाच्या कार्ट्रिजचा आवाज फार क्षीण असतो. तो वाढवून सारखा करणारे हे छोटे यंत्र असले की प्लेअर घरातल्या होम थिएटरच्या लाल-पांढऱ्या भोकांना थेट जोडता येतो. नसेल तर ते वेगळे घ्यावे लागते.

उदाहरणच द्यायचे तर ऑडिओ-टेक्निका कंपनीचा एलपी-६० हा पट्ट्यावर चालणारा प्लेअर आहे. बटण दाबले की डोके आपोआप उचलले जाते. घरात लहान मुले किंवा हात थरथरणारे आजोबा असतील तर ही मोठी सोय आहे. मात्र त्यावर ७८ चालत नाही. त्याच कंपनीच्या एलपी-१२० ला तिन्ही वेग आहेत आणि मागे वजनाचा गोळाही आहे, पण किंमत बरीच वर जाते. ट्रंकेत ७८ च्या रेकॉर्डी नसतील तर जास्तीचे पैसे घालण्याचे कारण नाही. म्हणून आधी ट्रंक उघडा, रेकॉर्डीवर छापलेला वेग वाचा, मग दुकानाची पायरी चढा.

जुन्या बाजारात जाताना

थोडक्या पैशात चांगला माल हवा असेल तर हार्बर लाईनने सँडहर्स्ट रोडला उतरून चोरबाजार गाठता येतो. मटण स्ट्रीटवर जुने प्लेअर आणि रेकॉर्डी अजून मिळतात. पण तिथे डोळे उघडे ठेवून जावे. सोबत एक रेकॉर्ड न्यावी, अर्थात फार मोलाची नव्हे. प्लेअर चालू करून पाहिल्याशिवाय पैसे देऊ नयेत.

वेग तपासण्याची सोपी युक्ती अशी. रेकॉर्डीच्या कडेला कागदाचा कपटा ठेवा आणि मोबाईलचे घड्याळ लावा. ३३⅓ वर तीन मिनिटांत बरोबर १०० फेऱ्या व्हायला हव्यात. ४५ वर दोन मिनिटांत ९०. दोन-चार फेऱ्यांचा फरक पडला तर गायकाचा सूर चढलेला किंवा उतरलेला ऐकू येणार. यंत्राच्या मागे व्होल्टही वाचावेत. जपानचा माल १०० व्होल्टचा असतो, अमेरिकेचा त्याहून थोडा जास्त. तो आपल्या २३० व्होल्टवर थेट लावला की जळालाच समजा. शिवाय अमेरिकेची वीज ६० सायकलची, आपली ५० ची. त्यामुळे तिकडच्या काही मोटारी इथे मंद फिरतात. आणि जुन्या प्लेअरबरोबर आलेली सुई किती झिजली आहे हे डोळ्यांना दिसत नाही. ती बदलायचीच, असा हिशेब किमतीत धरावा.

सुधारणा कोणत्या क्रमाने?

एकदम मोठा खर्च करण्याची गरज नाही. सवड होईल तसे एकेक करावे. पहिला पैसा सुईवर. हिऱ्याची सुई साधारण पाचशे ते हजार तास टिकते, सफायरची त्यामानाने फारच लवकर झिजते. दुसरे, वजन मोजण्याचा छोटा काटा. तो काही शेकड्यांत मिळतो. मागे गोळा असलेल्या प्लेअरमध्ये आधी दांडी तराजूसारखी आडवी, अधांतरी उभी राहील असा गोळा फिरवावा, तिथे आकडा शून्यावर आणावा आणि मग कार्ट्रिजच्या कागदावर लिहिलेले वजन द्यावे. त्याहून कमी ठेवले तर रेकॉर्ड जास्त वाचते, हा समज चुकीचा आहे. फार हलकी सुई खाचेत उड्या मारते आणि तीही नुकसान करते. तिसरे, चांगले स्पीकर. चौथी, अधिक चांगली कार्ट्रिज. प्लेअर बदलणे सर्वात शेवटी.

बिनपैशाची सुधारणा तर आजच करता येईल. सिडकोच्या छोट्या खोलीत कोणी दार आपटले, मुले धावली की सुई उडते. म्हणून प्लेअर टेबलाऐवजी भिंतीतल्या भक्कम फळीवर ठेवावा आणि चारी बाजूंनी सपाट करून घ्यावा. स्पीकर त्याच फळीवर नकोत. रेकॉर्डी आडव्या थप्पीत न ठेवता उभ्या ठेवाव्यात. उन्हापासून आणि पावसाळी भिंतीपासून त्या दूर असाव्यात. बुरशी आली तर लाँगप्ले आणि ४५ ला शुद्ध पाण्यात थेंबभर सौम्य साबण घालून मऊ कपड्याने खाचेच्या दिशेने पुसावे, मधल्या कागदाला पाणी लागू देऊ नये. लाखेच्या ७८ ला स्पिरिट मुळीच लावू नये. लाख त्यात विरघळते.

वस्तीत मिळून एक

शेवटी एक सूचना. प्रत्येक घराने वीस-पंचवीस हजार घालावेत असे आम्ही म्हणणार नाही. मुलांची फी आणि घराचा हप्ता आधी. पण एका वस्तीतील दहा घरांनी वर्गणी काढली तर विहारात किंवा वाचनालयात एक चांगला प्लेअर सहज बसेल. ज्याला यंत्राची समज आहे अशा एकाच तरुणाच्या किंवा तरुणीच्या हाती तो द्यावा. महिन्यातून एका रविवारी घरोघरच्या रेकॉर्डी आणाव्यात, स्वच्छ कराव्यात, एकदाच नीट वाजवून संगणकावर उतरवून घ्याव्यात. गायक, कवी, संगीतकार, रेकॉर्डीचा क्रमांक आणि ती कोणत्या घरची आहे हे वहीत लिहावे. उतरवलेल्या गाण्यांच्या प्रती दोन वेगळ्या ठिकाणी ठेवाव्यात. ऐरोलीला सेक्टर १५ मध्ये महापालिकेचे डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्मारक आणि त्यात ग्रंथालय आहे. अशा ठिकाणीही एक प्रत ठेवता येईल काय, हे विचारून पाहावे. या प्रती ऐकण्यासाठी आणि जतनासाठी असाव्यात. विक्रीसाठी नव्हेत, कारण गाण्यावर कवीचा आणि गायकाचा हक्क असतो.

मूळ रेकॉर्ड मात्र ज्याची त्याला परत द्यावी. ती त्या घरची आहे. रोजचे ऐकणे उतरवलेल्या प्रतीवर होऊ द्या आणि तबकडी फक्त बुद्धपौर्णिमेला, चौदा एप्रिलला काढा. येत्या रविवारी ट्रंक उघडा. नातवंडांना जवळ बसवा, रेकॉर्डीवरची नावे त्यांच्याकडून वाचून घ्या आणि वहीत लिहायला लावा. प्लेअर पुढच्या महिन्यात आला तरी चालेल, यादी आजपासून होऊ शकते.