सॅडलच्या स्क्रूचे फेरे

‘मोकळ्या तारा सुरात आहेत, पण वर गेलं की कॉर्ड खटकते.’ गिटार घेऊन येणाऱ्यांची तक्रार बहुधा हीच. आधी तारा नव्या घालायच्या, मानेचा बाक आणि तारांची उंची बघायची. मगच ब्रिजला हात लावायचा. गंजक्या तारेवर इंटोनेशन, म्हणजे वरच्या फ्रेटवरचा सूर, लावणं म्हणजे निव्वळ वेळ घालवणं.

टेबलावर स्ट्रॅटोकास्टर आहे. हिच्या मापाची लांबी ६४८ मिलिमीटर आणि बारावा फ्रेट बरोबर निम्म्यावर, ३२४ला. हिशेबाने तिथे वरचा सा मिळायला हवा. पण दाबताना तार ताणली जाते, सूर चढतो. जाड तार टोकाशी ताठही असते. म्हणून सॅडल, म्हणजे ब्रिजवर तार जिथे टेकते तो तुकडा, जरा मागे ठेवून तारेला लांबी द्यावी लागते, प्रत्येक तारेला वेगळी. गंमत तिसऱ्या तारेची. ती चौथीपेक्षा बारीक, तरी तिचं सॅडल चौथीच्या मागे जातं; कारण चौथीवर वेढे असतात आणि आतला गाभा बारीक असतो, तिसरी मात्र सबंध भरीव.

बाराव्या फ्रेटवर बोट नुसतं टेकवून हार्मोनिक काढतो, ट्यूनरचा काटा मध्यावर आणतो. मग तिथेच तार दाबून वाजवतो. काटा सहा सेंट चढा. अर्ध्या स्वराचे शंभर सेंट, त्यातले सहा, ऐकायला पुरेसे. तार ढिली करून मागचा स्क्रू घड्याळाच्या दिशेने फिरवला की सॅडल मागे सरकतं. पुन्हा सुरात लावायचं, पुन्हा तुलना. सूर उतरलेला असता तर उलटं.

दाबायला मी शक्यतो वाजवणाऱ्याचंच बोट मागतो. उंच फ्रेटवर जड हात काटा सहज ढकलतो. माझ्या हाताने लावलेलं त्याच्या हातात चढं वाजेल. जाड तारेचा सूर डगमगत असेल तर पिकअप खाली घ्यावा, त्याचं चुंबक तारेला ओढत असतं.

एवढं करूनही तानपुऱ्यावर कान तयार झालेल्याला गंधार चढाच लागतो, शुद्ध गंधारापेक्षा सुमारे १४ सेंट. तो दोष फ्रेटच्या समान वाटणीचा. सतारीचा पडदा सरकवता येतो, इथे नाही.

१९५४च्या स्ट्रॅटोकास्टरने सहा तारांना सहा सॅडल दिली. तिच्याआधीच्या टेलिकास्टरवर तीनच, दोन तारांत एक. तिथे एकीला दोन सेंट चढं, दुसरीला दोन सेंट उतरं ठेवून मी स्क्रूड्रायव्हर खाली ठेवतो. ज्याला तेही चालत नाही, त्याला तिरकी कापलेली सॅडल बसवून देतो.