सिगाटोका करपा : जनुकांवरून बुरशीची ओळख

केळीच्या पानावर आधी बारीक रेघा, मग तपकिरी ठिपके आणि शेवटी वाळलेले चट्टे दिसले की शेतकरी त्याला करपा म्हणतात. फिजीतील सिगाटोका खोऱ्यावरून या रोगाला सिगाटोका हे नाव पडले. पण हा एकच रोग नाही. स्युडोसर्कोस्पोरा प्रजातीतील तीन बुरश्या तो घडवतात : म्युसी (पिवळा सिगाटोका), फिजिएन्सिस (काळा सिगाटोका) आणि युम्युसी. पानावरची लक्षणे पाहून त्या खात्रीने वेगळ्या करता येत नाहीत, आणि प्रयोगशाळेत त्या फार सावकाश वाढतात.

म्हणून पानातूनच डीएनए काढून पीसीआर करतात. प्रत्येक जातीच्या डीएनएत काही ठिकाणी क्रम वेगळा असतो. त्या ठिकाणी नेमके जुळणारे प्रायमर वापरले, की त्याच जातीचा तुकडा वाढतो. मात्र केळीच्या पानातील फिनॉलयुक्त पदार्थ ही अभिक्रिया अडवतात. त्यामुळे जेलवर पट्टा दिसला नाही म्हणजे बुरशी नाही, असे लगेच लिहू नका. केळीचे स्वतःचे जनुक त्याच नमुन्यात वाढते का, हे आधी पाहा.

आता खरा प्रश्न : फवारणी करूनही करपा का आटोक्यात येत नाही? प्रोपिकोनॅझोलसारखी ट्रायॅझोल औषधे सीवायपी५१ या विकराला बांधतात. त्यामुळे बुरशीच्या पेशीपटलाला लागणारे अर्गोस्टेरॉल तयार होत नाही. फिजिएन्सिसच्या प्रतिकारक वाणांत या जनुकाच्या प्रमोटरमध्ये सुमारे २० बेसचा एक तुकडा पुन्हा पुन्हा, सहा वेळांपर्यंत, आलेला आढळतो. प्रमोटर म्हणजे जनुकाचा रेग्युलेटर समजा. तो वाढवला की विकर जास्त बनते आणि नेहमीची मात्रा अपुरी पडते. हाच प्रमोटर संवेदनशील वाणात बसवल्यावर त्याचीही संवेदनशीलता घटली. हा पुरावा मला नुसत्या सहसंबंधापेक्षा मोलाचा वाटतो. तपासणीही सोपी आहे : प्रमोटरचा पीसीआर करा, पट्टा जितका लांब तितक्या पुनरावृत्ती जास्त.

स्ट्रोबिल्युरिन गटाचे गणित वेगळे आहे. तिथे सायटोक्रोम बी प्रथिनात १४३व्या जागी ग्लायसिनऐवजी ॲलानिन येते. बदल एकाच बेसचा असल्याने तुकड्याची लांबी तीच राहते. तो जेलवर दिसणार नाही, त्यासाठी अनुक्रमण करता येते. असा बदल आढळला, तर मात्रा वाढवून उपयोग नाही. औषधाचा गटच बदलावा लागतो.