खोपोलीची गाडी आणि तिचा दुसरा डाव

12 मे 1856 रोजी आगगाडी पळसदरीमार्गे खोपोलीला पोहोचली. त्याच वर्षी जुलैत विधवांच्या पुनर्विवाहाला मान्यता देणारा कायदा झाला. आणि 1857 मध्ये बेळगावच्या बाबा पदमनजींची ‘यमुनापर्यटन’ छापून आली. मराठीतली पहिली कादंबरी म्हणून आपण तिचं नाव घेतो. रूळ, कायदा आणि गोष्ट, सगळं दोन वर्षांच्या आत! कर्जत-खालापूरकरांनी हा योगायोग खुशाल मिरवावा.

ही पहिलीच कादंबरी सुखान्त आहे, हे किती जणांना ठाऊक असतं? यमुना नवऱ्याबरोबर हिंडते, ठिकठिकाणच्या विधवांचे हाल पाहते, मग स्वतःच विधवा होते. शेवटी ती ख्रिस्ती होते आणि पुन्हा लग्न करते. धर्मप्रचाराचा हेतू उघड आहे, पण नायिकेला दुसरा डाव मांडू द्यायची सुरुवात इथूनच झाली. पुढे हरि नारायण आपट्यांच्या ‘पण लक्षात कोण घेतो?’मध्येही नायिका यमूच, तीही विधवाच. नाव तेच, पण शेवट उलटा. ही यमू केशवपनाच्या यातना सोसून अकाली मरते. शाळा-कॉलेजात दुसरी यमूच जास्त शिकवली जाते, याचं मला वाईट वाटतं. पहिलीही वाचायला हवी.

एक गोष्ट मात्र विसरू नये. दुसऱ्या लग्नाची बंदी मुख्यतः वरच्या जातींत होती. याच पट्ट्यातल्या कुणबी, ठाकर, कातकरी समाजांत विधवेचा पाट लागत असे. पुण्या-मुंबईच्या वाड्यांत ज्यावर रणं माजली, ते इथल्या वाड्या-पाड्यांवर रीतीनं होत होतं.

आता या भागातली माझी सगळ्यांत आवडती नायिका. ती कादंबरीतली नाही, खरीखुरी आहे. खोपोलीच्या पुढे बोरघाट उभा होता. तो चढवायचं कंत्राट घेऊन सॉलोमन ट्रेडवेल हा इंग्रज 1859 मध्ये आला आणि काही आठवड्यांतच आजारी पडून वारला. मागे राहिली बायको, ॲलिस. परका देश, अर्धवट बोगदे आणि अंगावर पडलेलं कंत्राट. पहिली बोट पकडून ती मायदेशी गेली असती, तर कोणी नावं ठेवली नसती. तिनं कंत्राट स्वतःकडे घेतलं, ॲडमसन आणि क्लाउझर या दोन अनुभवी इंजिनिअरांना हाताशी धरलं आणि काम पुढे रेटलं. सुमारे 25 किलोमीटरांत 1,831 फुटांची चढण, 25 बोगदे, काही ठिकाणी 37 फुटांमागे एक फूट असा चढ. ऐन भरात 40 हजारांवर मजूर राबत होते. 21 एप्रिल 1863 रोजी घाट खुला झाला. ॲलिसनं या कामाच्या छायाचित्रांचा अल्बमही करवून घेतला. आपण तो घाट चढताना तिचं नाव कितींदा घेतो?

खऱ्याच नायिकांचं चाललंय, तर बाया कर्वे हव्यातच. लग्नाआधीच्या त्या गोदूबाई, बालविधवा. पंडिता रमाबाईंच्या शारदा सदनात शिकल्या आणि 1893 मध्ये धोंडो केशव कर्व्यांशी लग्न केलं. कर्व्यांच्या गावानं, मुरुडनं, जोडप्याला वाळीत टाकलं. संसार मात्र 57 वर्षं टिकला. त्यांचं ‘माझे पुराण’ वाचाच.

1934 मध्ये विभावरी शिरूरकरांनी ‘हिंदोळ्यावर’ लिहिली. नवऱ्यानं टाकलेली अचला दुसऱ्या पुरुषाबरोबर लग्नाशिवाय राहते. केवढा गहजब! पण तिच्यासारखीला रीतसर घटस्फोट देणारा मुंबई प्रांताचा कायदा आला 1947 मध्ये. लेखिका तेरा वर्षं पुढे होती.

पटापट आणखी दोन लेखक. प्रणयकथांचे बादशहा ना. सी. फडके कर्जतचेच, पण नगर जिल्ह्यातल्या कर्जतचे, तेव्हा इथल्यांनी हक्क सांगू नये! आणि घरोघरच्या दुपारी रंगवणाऱ्या प्रेमकथांच्या लेखिका कुसुम अभ्यंकर रत्नागिरीच्या आमदारही होत्या.

आता हा दुसरा डाव टीव्हीवर रंगतो. ‘माझी तुझी रेशीमगाठ’मध्ये लेकीला एकटीनं वाढवणाऱ्या नेहाला प्रेम सापडलं. त्याआधी 2019 मध्ये ‘अग्गंबाई सासूबाई’ आली आणि कमालच झाली. निवेदिता सराफ यांची विधवा आसावरी गिरीश ओकांच्या शेफच्या प्रेमात पडते आणि पुढाकार घेते चक्क सून! कर्जत स्टेशनात घाट चढणाऱ्या गाडीला मागून बँकर इंजिनं जोडतात. हलका हिसका बसतो, हातातला चहा हिंदकळतो, खिडकीशी आलेला वडा घाईनं तोंडात जातो आणि गाडी चढाला लागते. तेजश्री प्रधानची शुभ्रा म्हणजे तसंच बँकर इंजिन. सासूला मागून ढकलणारी सून दाखवली, म्हणून मी त्या मालिकेची कायमची ऋणी आहे.

आता मला हवी आहे ॲलिस ट्रेडवेलवर मराठीत एक जाडजूड, रसरशीत कादंबरी. तिच्याइतकीच महत्त्वाची दुसरी नायिका असावी घाटात खडीच्या पाट्या वाहणारी, नुकताच पाट लागलेली खालापूरची एखादी कुणबीण. दोघींची गाठ बोगद्याच्या तोंडाशीच पडू द्या. दिवाळी अंकांच्या संपादकांनो, ऐकताय ना?